कारकुनाची पाठ

जुनी हस्तलिखित पोथी हाती आली आणि तिचे अखेरचे पान उलटले, की पुष्कळदा मूळ ग्रंथाशी काहीच संबंध नसलेला एक श्लोक तेथे आढळतो. तो ग्रंथकर्त्याचा नसतो. पोथी उतरून काढणाऱ्या लेखकाचा असतो. पाठ, कंबर आणि मान मोडून, दृष्टी एका जागी खिळवून, तोंड खाली घालून मोठ्या कष्टाने हा ग्रंथ लिहिला आहे, तरी तो जतन करून ठेवावा, अशी विनवणी त्यात असते. हा श्लोक कोणा एकाचा राहिलेला नाही. निरनिराळ्या प्रांतांतील आणि निरनिराळ्या शतकांतील नकलकारांनी तो थोड्याफार फरकाने आपापल्या पोथीखाली लिहिला. विषय वेदान्ताचा असो, ज्योतिषाचा असो वा वैद्यकाचा असो, ग्रंथ संपला की लेखकास आपल्या पाठीची आठवण होई.

आम्हीही लेखकच, म्हणजे कारकून. पोथ्या लिहीत नाही, टिपणे लिहितो. तीही बोरूने नव्हे, संगणकाच्या कळफलकावर बोटे चालवून. आमच्या टिपणाखाली सहीपुरती जागा असते. पाठीविषयी चार शब्द लिहिण्याची सोय सरकारी नमुन्यात नाही. ते काम येथे उरकून घ्यावे, असे मनात आहे. हेतू तक्रारीचा नाही. तीन वर्षांपूर्वीच्या हिवाळ्यात, दिल्लीच्या थंडीत, कपाटाच्या खालच्या खणातून नस्त्यांचा एक गठ्ठा वाकून उचलताना आमच्या कंबरेत उसण भरली आणि पुढे तीन आठवडे आम्ही अंथरुणावर होतो. त्या सक्तीच्या सुटीत एक प्रश्न वारंवार मनात आला: लेखणीवर पोट भरणारी माणसे काही आज जन्मास आलेली नाहीत, मग आमच्या आधीच्या कारकुनांनी आपल्या पाठीचे काय केले? उठून बसता येऊ लागल्यावर या प्रश्नाचा माग काढीत आम्ही जे वाचले, त्यातील निवडक भाग आमच्यासारख्याच, घरापासून दूर खुर्चीवर बसलेल्या वाचकांपुढे ठेवीत आहो.

लेखनाचा धंदा जितका जुना, जवळजवळ तितकाच त्याविषयीचा एक गैरसमजही जुना आहे. तो असा, की लिहिण्याचे काम अंगाला लागत नाही. इजिप्त देशात सुमारे चार हजार वर्षांपूर्वी रचलेले एक उपदेशपर लेखन आहे. अभ्यासक त्यास ‘व्यवसायांचा उपहास’ या नावाने ओळखतात. बाप आपल्या मुलास लेखकांच्या शाळेत पोचवावयास नावेतून निघाला आहे आणि प्रवासात त्यास इतर धंद्यांतील हाल ऐकवीत आहे. तांबट भट्टीपुढे भाजून निघतो, कुंभार चिखलात लोळतो, न्हावी संध्याकाळपर्यंत गल्लोगल्ली फिरतो, धोबी नदीकाठी मगरींच्या शेजारी राबतो. एकटा लेखक तेवढा सुखी, कारण त्याच्यावर दुसरा धनी नाही. आपल्याकडील वडीलधाऱ्यांनी सरकारी नोकरीची जी थोरवी आम्हांस लहानपणी सांगितली, तिच्याहून हा उपदेश फारसा निराळा नाही.

परंतु त्याच देशातील हाडे निराळी साक्ष देतात. पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात इजिप्शियन लेखकाचा एक प्रसिद्ध पुतळा आहे. १८५० साली तो सक्कारा येथे सापडला. मांडी घालून बसलेला, मांडीवर पपायरसची गुंडाळी पसरलेला हा लेखक पाठ अगदी ताठ ठेवून समोर पाहत आहे. सक्काऱ्याच्या जवळच अबूसीर येथील थडग्यांत सापडलेल्या ६९ पुरुषांच्या सांगाड्यांचा अभ्यास चेक संशोधकांनी केला आणि २०२४ साली तो प्रसिद्ध झाला. हे सांगाडे इसवी सनापूर्वी २७०० ते २१८० या काळातील असून त्यांपैकी ३० जण लेखक होते, असे मानण्यास आधार आहे. इतरांच्या तुलनेने या लेखकांच्या सांध्यांत झिजेच्या खुणा अधिक आढळल्या: मानेच्या मणक्यांत, उजव्या खांद्यात, उजव्या अंगठ्यात, उजव्या गुडघ्यात, इतकेच नव्हे तर जबड्याच्या सांध्यातही, कारण लिहिण्याची काडी ते दातांनी चावून तिचे टोक करीत असावेत. पुतळा घडविणाऱ्याने लेखकाचा मान पाहिला. पाठ कशी होती, ते हाडांनी सांगितले. आणि एक गोष्ट येथे ध्यानात ठेवावी. या लेखकांपुढे ना टेबल होते, ना बुडाखाली खुर्ची. पाठदुखीचे सारे खापर जे खुर्चीवर फोडतात, त्यांस अबूसीरचे हे सांगाडे उत्तर देतील.

आपल्याकडील वैद्यकाने मात्र दुखण्याचे मर्म बरेच आधी ओळखले होते, असे म्हणावे लागते. सातव्या शतकाच्या सुमारास वाग्भटाने ‘अष्टांगहृदय’ रचले. त्यातील दिनचर्येच्या अध्यायात, रोज कसे वागावे हे सांगताना, काही अगदी साधे नियम तो घालून देतो. अवयवांच्या वेड्यावाकड्या हालचाली करू नयेत. उकिडवे फार वेळ बसू नये. गुडघे वर करून फार वेळ राहू नये. शरीर, वाणी आणि मन यांचे व्यापार थकवा येण्यापूर्वीच थांबवावेत. उकिडवे बसूच नये, असे तो म्हणत नाही. बसावे, पण फार वेळ नव्हे. कोणत्याही आसनात स्वतःची अशी वाईट गोष्ट नसते; वाईट असते ते त्यातच खिळून राहणे. वैद्यकाच्या पुढील बाराशे-तेराशे वर्षांच्या इतिहासात हा ‘फार वेळ’ पुष्कळांच्या नजरेतून निसटला आणि त्याचे मोल आम्हांस अगदी अलीकडे मोजावे लागले.

आता आपल्या घरच्या दफ्तराकडे वळू. पेशवाईतील पुण्याचे हुजूर दफ्तर ऐन भरात असताना तेथे दोनशेंहून अधिक कारकून काम करीत. त्यांच्या हातच्या कागदांतून निवडून गो. स. सरदेसाई यांनी १९३० ते १९३४ या काळात पेशवे दफ्तराचे ४५ भाग प्रसिद्ध केले. आज इतिहासाचा अभ्यासक ज्या ओळींवर विसंबतो, त्या ओळी कोणी तरी गादीवर बसून, कोणी मांडी घालून पुढ्यातील उतरत्या पेटीवर, तर कोणी एक गुडघा उभा करून त्यावर कागद टेकवून लिहिलेल्या आहेत. मोडीची रीतच अशी, की आधी शिरोरेषा ओढावी आणि मग हात शक्यतो न उचलता अक्षरामागून अक्षर सोडीत जावे. हात थांबत नाही, म्हणून मान उचलत नाही. मान उचलत नाही, म्हणून पाठ सुटत नाही. समर्थ रामदासांनी ‘दासबोधा’च्या एकोणिसाव्या दशकात लेखनक्रियेवर एक समास खर्ची घातला आहे. कागद, शाई, बोरू, समास सोडणे यांची चर्चा करताना, तरुणपणी फार बारीक लिहिलेले म्हातारपणी उपयोगी पडत नाही, असा इशाराही ते देतात. डोळ्यांची एवढी काळजी वाहणाऱ्या त्या सत्पुरुषाच्या नावाशी परंपरेने सूर्यनमस्काराचा प्रसार जोडला, हा आम्हांस योगायोग वाटत नाही.

जुने कारकून पाठदुखीपासून मुक्त होते, असे सुचविण्याचा आमचा हेतू नाही. पोथ्यांखालील तो श्लोक तसे म्हणू देणार नाही. पण त्यांच्या कामातच काही व्यत्यय अपरिहार्यपणे पेरलेले होते. बोरू झिजला की तासावा लागे. ओली शाई वाळूने टिपावी लागे. दौत भरावी लागे. जुना कागद हवा असेल तर उठून मांडणीपाशी जावे, रुमाल उतरावा, सोडावा, शोधावे, पुन्हा बांधून जागी ठेवावा, असा सारा खटाटोप होता. त्या काळी हा खटाटोप कोणासही आरोग्याचा नियम वाटला नसेल. तो वेळेचा अपव्ययच वाटला असेल. पुढच्या दोनशे वर्षांत शहाण्या व्यवस्थापकांनी तो अपव्यय एकेक करून दूर केला.

कारकुनाच्या दुखण्याची वैद्यकशास्त्रात स्वतंत्र नोंद झाली ती इटलीत. बर्नार्दिनो रामाझिनी या वैद्याने कामकऱ्यांच्या रोगांवरील आपला ग्रंथ १७०० साली प्रसिद्ध केला आणि १७१३ च्या दुसऱ्या आवृत्तीत जी नवी प्रकरणे जोडली, त्यांत एक प्रकरण लेखनिकांचे होते. त्यांच्या दुखण्याची तीन कारणे तो देतो: सततचे बसणे, हाताची एकाच दिशेने अखंड चालणारी हालचाल, आणि हिशेबात चूक होऊ नये म्हणून मनावर पडणारा ताण. शिंपी व चांभार यांच्याविषयी लिहिताना, सणाच्या मिरवणुकीत हे लोक दोघादोघांच्या रांगा करून पोक काढून चालताना कसे दिसतात, याचे चित्र त्याने रंगविले आहे. बैठे काम करणाऱ्यांनी निदान सुटीच्या दिवशी तरी व्यायाम करावा, असा त्याचा सल्ला होता. निदान ठीक होते; औषधाची मात्रा मात्र थोडी पडली. सहा दिवसांचे बसणे रविवारच्या फेरफटक्याने फिटत नाही, हे आम्ही स्वानुभवाने सांगू शकतो.

त्यानंतर खुर्ची आली. ईस्ट इंडिया कंपनीच्या सेवेत नव्याने दाखल होणाऱ्या गोऱ्या नोकरांचा हुद्दाच ‘रायटर’ असा होता आणि कलकत्त्याच्या ‘रायटर्स बिल्डिंग’ या वास्तूने १७७७ पासून त्या हुद्द्याचे नाव जपले आहे. विलायतेतील पेढ्यांवर कारकून उंच तिवईवर बसून किंवा उतरत्या उंच मेजापाशी उभे राहून खतावण्या लिहीत. आज उभ्याने काम करण्याच्या ज्या मेजांचा मोठा गाजावाजा होतो, ती नवलाई नव्हे. एकोणिसाव्या शतकात आपल्या कचेऱ्यांतूनही गादी हळूहळू गेली आणि मेज-खुर्ची आली. १८७४ साली अमेरिकेत रेमिंग्टन कंपनीने टंकयंत्र बाजारात आणले. भारतात गोदरेजने आपले टंकयंत्र १९५५ साली तयार केले. टंकलेखक एका जागी जखडला खरा, तथापि ओळ संपली की त्यास हात उचलून दांडी सरकवावी लागे, कागद संपला की तो काढून नवा चढवावा लागे. संगणकाने तेवढीही उसंत ठेवली नाही. १८८४ मध्येच फ्रान्झ श्टाफेल या जर्मन वैद्याने कंबरेला आधार देणाऱ्या पाठीच्या खुर्चीचा पुरस्कार केला होता. तेव्हापासून खुर्ची सुधारत आली. बसणाऱ्याचे दुखणे मात्र राहिलेच.

केंद्र सरकारच्या कारकुनाचा इतिहास पाहिला तरी हेच दिसते. १८६४ पासून सिमला ही उन्हाळ्याची राजधानी झाली आणि दरसाल दफ्तरांबरोबर कारकूनही डोंगरावर जाऊ लागले. तेथील माल रस्त्यावर गाडी नेण्याची मुभा व्हाइसरॉय, सरसेनापती आणि पंजाबचे गव्हर्नर एवढ्यांनाच होती. बाकीच्या साहेबांसाठी माणसांनी ओढावयाच्या रिक्षा होत्या. कारकुनाने चढ चढून कचेरी गाठावी आणि उतार उतरून घरी यावे. नवी दिल्ली वसल्यावर कारकुनांची वसाहत ते सचिवालय हे अंतर सायकलीने कापले जाई. या पिढीस कोणी व्यायामशाळेत घातले नव्हते. तिचा व्यायाम तिच्या दारिद्र्यात दडलेला होता. बस, स्कूटर, मोटार, उद्वाहक आणि शेवटी कागदविरहित कार्यालय अशा क्रमाने आम्ही ते दारिद्र्य फेडले. आता नस्ती पडद्यावर उघडते, पडद्यावरच पुढे सरकते, आणि ती सरकविणारा माणूस सकाळी बसतो तो जेवणाच्या सुटीपर्यंत हलत नाही.

या साऱ्याच्या मुळाशी, आम्हांस वाटते, सोयीहून खोल गेलेली एक गोष्ट आहे. आपल्या मनात बसणे हा मान आहे. राजाला गादी, आचार्याला आसन, अधिकाऱ्याला खुर्ची. आपल्या भाषेत खुर्ची मिळणे म्हणजेच अधिकार मिळणे. ज्यास उठावे लागत नाही तो मोठा आणि ज्यास दुसऱ्याच्या घंटीसरशी उठावे लागते तो लहान, ही कचेरीची अलिखित सेवाज्येष्ठता होय. आमच्या कक्षात बिहारकडील एक वृद्ध अधीक्षक होते. ते घंटी वाजवीत नसत. कागद हवा असेल तर स्वतः उठून आमच्या मेजापाशी येत, उभ्याउभ्या वाचीत आणि परत नेऊन ठेवीत. दूरध्वनीवर ते नेहमी उभे राहून बोलत. तरुण मंडळी त्यांस पाठीमागे ‘आपलेच शिपाई’ म्हणून हसत. आम्हीही हसलो, हे कबूल केले पाहिजे. निवृत्तीच्या दिवशी त्यांनी हार घालून घेतले, निरोपाच्या साऱ्या भाषणांत ते उभेच होते आणि मग आपली पेटी स्वतः उचलून ते चालते झाले. त्यानंतर दोनच महिन्यांनी आमची कंबर धरली.

येथे आमच्या त्या तीन आठवड्यांची हकीकत सांगणे भाग आहे. उसण भरल्यावर ज्यांचा सल्ला घेतला, त्यांनी तीन आठवडे सक्तीची विश्रांती सांगितली. आम्ही आज्ञा पाळली. परमुलखात आजारी पडणे म्हणजे काय, हे वाचकांपैकी अनेकांस ठाऊक असेल. उशाशी बसावयास आई नाही, बाजारहाट करावयास भाऊ नाही. सारे ओझे एकट्या सौभाग्यवतींवर. आमची चार वर्षांची मुलगी रोज सायंकाळी अंथरुणापाशी उभी राही आणि उचलून घेण्यासाठी हात वर करी. आम्ही तिला उचलू शकत नव्हतो. तीन आठवड्यांनी उठलो तेव्हा वेदना उरली होतीच, शिवाय पायांतील बळ गेले होते. आणि त्याहून वाईट म्हणजे वाकण्याची धास्ती बसली होती.

विश्रांतीच्या या उपचारालाही इतिहास आहे. एकोणिसाव्या शतकात लिव्हरपूलचे ह्यू ओवेन थॉमस यांनी मोडलेल्या हाडांसाठी आणि क्षयाने ग्रासलेल्या सांध्यांसाठी दीर्घ, अखंड विश्रांतीचा आग्रह धरला. त्यांच्या रुग्णांना त्याचा लाभही झाला. पण मोडलेल्या हाडाचा नियम साध्या उसणीलाही लागू झाला आणि पाठदुखी म्हणजे अंथरूण असे समीकरण शंभर वर्षे चालले. त्यास खरा धक्का १९८६ साली बसला. अमेरिकेत रिचर्ड डेयो व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०३ रुग्णांपैकी काहींस दोन दिवसांची व काहींस सात दिवसांची विश्रांती सांगून पाहिली. दोन दिवसवाल्यांचे काहीच बिघडले नाही; उलट त्यांचे कामाचे दिवस ४५ टक्क्यांनी कमी बुडाले. १९९५ मध्ये फिनलंडमधून आणखी स्पष्ट उत्तर आले, आणि ते आमच्याच जातभाईंवर घेतलेल्या प्रयोगातून. हेलसिंकी नगरपालिकेच्या १८६ नोकरांचे, ज्यांची पाठ नुकतीच धरली होती, तीन गट केले. एकास दोन दिवस अंथरूण, दुसऱ्यास पाठीचे विशिष्ट व्यायाम, आणि तिसऱ्यास सोसवेल तितका नेहमीचा व्यवहार चालू ठेवण्याचा सल्ला. तिसरा गट सर्वांत लवकर बरा झाला. आमच्या दुखण्याच्या कितीतरी वर्षे आधी हे छापून आले होते. आम्ही तीन आठवडे जे सोसले, ते दुखण्याइतकेच उपचाराचेही होते.

असे का व्हावे, हे कण्याची रचना पाहिली की समजते. मणक्यांच्या मधल्या ज्या गाद्या, त्यांना प्रौढ वयात स्वतःच्या रक्तवाहिन्या जवळजवळ नसतात. भोवतालच्या द्रवातून झिरपेल तेवढेच त्यांचे पोषण, आणि हे झिरपणे हालचालीवर, दाब कमीजास्त होण्यावर अवलंबून असते. दिवसभरात या गाद्यांतील पाणी थोडे कमी होऊन माणसाची उंची रात्रीपर्यंत सुमारे दीड सेंटिमीटर घटते आणि निजल्यावर ती भरून येते. स्वीडनचे आल्फ नाखेमसन यांनी १९६० नंतर गादीत सुई घालून प्रत्यक्ष दाब मोजला, तेव्हा आधाराविना बसताना तो उभे राहण्याहून सुमारे ४० टक्के अधिक भरला. १९९९ साली जर्मनीतील उल्म येथे एका स्वयंसेवकावर केलेल्या मोजणीत मात्र सैल बसताना तो उभे राहण्याहून किंचित कमीच आढळला. बसणे वाईट की उभे राहणे, याचा निकाल अशा रीतीने अडकला. पण स्थिती बदलत राहावी, यावर मतभेद उरला नाही. वाग्भटाच्या ‘फार वेळ’ या शब्दांपाशी शास्त्र असे फिरून आले.

आमच्या आजोबांस यातील काही ठाऊक नव्हते. ते औंध संस्थानच्या शाळेत शिकले. तेथील अधिपती भवानराव पंतप्रतिनिधी हे आधी सँडोच्या पद्धतीने व्यायाम करीत. पुढे ते सूर्यनमस्कारांकडे वळले आणि आपल्या संस्थानातील शाळांतून त्यांनी नमस्कार रोजच्या पाठासारखे चालू केले. त्यांचे नमस्कारांवरील इंग्रजी पुस्तक १९३८ साली लंडनहून निघाले. आजोबा पुढे मामलेदार कचेरीत कारकून झाले आणि आयुष्यभर मेजावर वाकून जमाबंदी लिहीत राहिले. त्यांची कंबर धरत नसे असे नाही. वर्षातून एकदोनदा ती धरे. आजी तव्यावर फडके तापवून शेक देई. पण आजोबा अंथरूण धरीत नसत. भिंतीला हात लावीत अंगणात फेऱ्या घालीत आणि चार दिवसांनी पुन्हा नमस्कार सुरू करीत, आधी दोन, मग चार. आम्ही लहानपणी त्यास हट्ट समजत होतो.

या इतिहासातून आम्ही स्वतःपुरत्या काही सवयी लावून घेतल्या आहेत. त्या सांगून लेख आवरतो. दर अर्ध्या तासाने आम्ही खुर्चीवरून उठतो. अर्धा तास ही काही शास्त्राज्ञा नव्हे. विसर पडू नये म्हणून धरलेली खूण आहे. पाण्याचे भांडे मेजावर न ठेवता दालनाच्या टोकाला ठेवले आहे आणि पेला मुद्दाम लहान घेतला आहे. दूरध्वनीवर उभ्याने बोलतो. शेजारच्या कक्षातील सहकाऱ्यास निरोप धाडण्याऐवजी स्वतः जातो. त्याने कामेही लवकर होतात, हा अनपेक्षित लाभ. बसताना पाऊल जमिनीला टेकेल, कंबरेमागे घडी घातलेला पंचा राहील आणि पडदा डोळ्यांच्या पातळीला येईल, एवढे पाहतो. पण उत्तम बैठक साधली म्हणून तिच्यातच बसून राहत नाही. बदलीच्या वेळी ट्रंक उचलण्याचा प्रसंग आपणा सर्वांस येतो. तेव्हा गुडघ्यांत वाकावे, ओझे छातीशी धरावे, उचलताना कंबरेत पिळू नये, आणि मदतीस दुसरा माणूस बोलावण्यात कमीपणा मानू नये. सकाळी सहा नमस्कार घालतो. ठणका असेल त्या दिवशी ते सोडून नुसते चालतो. चालण्यास कमी लेखू नये. ऑस्ट्रेलियात पाठदुखीतून उठलेल्या ७०१ जणांवर झालेला एक प्रयोग २०२४ साली प्रसिद्ध झाला. ज्यांस मार्गदर्शनाखाली हळूहळू वाढवीत चालावयास लावले, त्यांचे दुखणे सरासरीने २०८ दिवसांनी उलटले. इतरांचे ११२ दिवसांनी. दोहोंतील अंतर तीन महिन्यांहून अधिक आहे, आणि त्यासाठी पायताणापलीकडे साधन लागत नाही.

एक इशारा मात्र दिला पाहिजे. दुखण्याबरोबर पायात बधिरपणा किंवा लुळेपणा येत असेल, लघवी-शौचावरील ताबा सुटत असेल, ताप किंवा वजनातील घट असेल, अथवा पडण्या-आपटण्यानंतर दुखणे सुरू झाले असेल, तर घरगुती शहाणपण बाजूस ठेवून तत्काळ डॉक्टरांकडे जावे. आमचे सांगणे नेहमीच्या, साध्या, कचेरीतील पाठदुखीपुरते आहे. पण नेहमीची म्हणून ती क्षुल्लक नव्हे. २०२० साली जगात सुमारे ६१ कोटी ९० लक्ष लोक कंबरदुखीने त्रस्त होते, असा अंदाज आहे. बदलीवर बदली होत असता घर सुटते, शेजार सुटतो, मुलांच्या शाळा सुटतात. प्रत्येक गावी बरोबर येते ती ही एक पाठ. तिच्या जागी दुसरी मंजूर होत नाही.

आमच्या मुलीस आता सातवे वर्ष लागले आहे. ती बरीच जड झाली आहे. तरी गुडघ्यांत वाकून, जवळ धरून, अद्याप उचलता येते.

जुन्या नकलकारांच्या रीतीस अनुसरून अखेरीस आमचाही एक शेरा. हा लेख दिल्ली मुक्कामी, दोन रविवारी मिळून लिहिला. पाठ, कंबर आणि मान मोडलेली नाही. लिहिताना एकंदर चौदा वेळा उठलो. त्यामुळे मधूनमधून वाक्यांचा धागा तुटला असेल, तर वाचकांनी तेवढी क्षमा करावी. आणि हा लेख एका बैठकीत वाचून काढला असेल, तर आता उठावे.